उसने कान

सोमवार, १८ तारीख

जाऊबाई,

नमस्कार, आणि तो रागावण्याआधी स्वीकारावा ही विनंती. मी फोन केला की तुम्ही उचलता, "ऐकू येत नाही" म्हणता आणि ठेवून देता. त्या तापाने तुमची चव गेली, वास गेला, हे मला मान्य आहे. पण कान गेल्याचं कुठला डॉक्टर म्हणाला नव्हता. म्हणून हा कागद. आमच्या लॉजच्या खालीच कुरियरवाला आहे, दुसऱ्या दिवशी पोचवतो म्हणे. तुमचे दीर पाकीट घेऊन वर येतील. जिना चढून त्यांना धाप लागेल, तेव्हा पाणी विचारा. माझ्यावरचा राग माझ्या नवऱ्यावर काढू नका.

मी सुखरूप पोचले. बसमध्ये तुमची सीट रिकामीच राहिली. यात्रा कंपनीचा माणूस येऊन विचारून गेला, दुसऱ्या बाई कुठे आहेत. मी म्हटलं, त्यांचं पोट बिघडलंय. थोड्या वेळाने परत आला, तेव्हा म्हटलं, डोकं. मग तुमच्या सीटवर माझी पिशवी ठेवली आणि खिडकीतून काही चांगलं दिसलं की सवयीने पिशवीला कोपर मारत होते. पलीकडच्या बाई माझ्याकडे बघायला लागल्या तेव्हा थांबले.

आता गावाचं सांगते. या गावाला तटबंदी आहे आणि तिचा दरवाजा इतका अरुंद, की बस आत जातच नाही. सगळ्यांना बाहेर उतरवतात आणि पुढे पायी. आत पाऊल टाकलं की एकदम गार. गल्ल्या अशा, की समोरासमोरच्या खिडक्यांतून दोन बायका एकमेकींना वाटी देऊ शकतील. एका ठिकाणी तर दिलीच. मी डोळ्यांनी पाहिली, झाकलेली होती म्हणून आत काय ते कळलं नाही आणि त्याची हळहळ अजून आहे. आमची गाईड एक दणकट बाई आहे. लाल छत्री उघडून डोक्यावर उंच धरते आणि पुढे चालते, मागे आम्ही कोंबडीच्या पिलांसारखे. सगळे तिला छत्रीवालीच म्हणतात. तिने राजाचा पलंग दाखवला, राजाचं न्हाणीघर दाखवलं, राजाने कुणाला कुठून खाली ढकललं तेही दाखवलं. लोक माना डोलावत होते. मी मात्र राजाच्या मुदपाकखान्यात अडकले. अहो, तिथलं पातेलं ढवळायला शिडी आहे. खरोखरची शिडी, भिंतीला टेकवून ठेवलेली. मी छत्रीवालीला विचारलं, पातेलं तळाशी लागलं तर खरवडायला कोण उतरायचं? तिला आजवर हे कुणी विचारलं नव्हतं.

आणि रस्त्यावरचं खाणं तर विचारूच नका. प्रत्येक कोपऱ्यावर कुणीतरी काहीतरी भाजतंय, उकडतंय, तळतंय. मी दुपारपर्यंत इतकं खाल्लं, की जेवणाच्या टेबलावर नुसतं ताट बघत बसले. चव कशी होती ते लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही पत्र फाडाल, आणि फाडलंत तर तुमचं बरोबरच असेल.

एक गोष्ट मात्र लिहितेच, कारण मजेच्या भरात मी ती विसरले असं तुम्हांला वाटायला नको. महिनाअखेरीला घरमालकाला जागा सोडतो म्हणून कळवायचं, असं तुम्ही ठरवलंय. म्हणजे खानावळ गेली. तुमची आणि माझी, दोघींची. मी निघाले तेव्हा शटरला कुलूप होतं आणि किल्ली तुमच्या कमरेला. महिना संपायला अजून दिवस आहेत. तोवर काही कळवू नका, एवढंच मागते.

तुमची धाकटी

बुधवार, २० तारीख

जाऊबाई,

तुमचे दीर फोनवर म्हणाले, "वहिनींनी पाकीट घेतलं आणि दार लावलं." मी विचारलं, आत फाडल्याचा आवाज आला का? ते म्हणाले, "मी काय दाराला कान लावून उभा राहू?" या माणसाच्या अंगात जरा म्हणून जिज्ञासा नाही. तरी दार लावलंत म्हणजे वाचलंत, असं मी धरून चालले आहे.

आज सकाळी मनोरा चढलो. जिना गोल गोल आणि अंधारा, मधेमधे भिंतीत फट, तिच्यातून उजेडाची चीर. आमच्यातले निम्मे लोक मध्येच बसले. मी चढले. वरून सगळं गाव दिसतं, आणि काय दिसतं सांगू? गच्च्या. गच्च्यांवर लोकांचं खरं आयुष्य. एका गच्चीवर सूत रंगवून वाळत घातलेलं, निळं, पिवळं, परत निळं. एकीवर कागद बनवणारे ओले कागद भिंतीला थापत होते, आपण गोवऱ्या थापतो तसे. छत्रीवाली इतिहास सांगत होती आणि मी कठड्याला लटकून कागद मोजत... नाही, मोजत नव्हते, नुसती बघत होते. तुम्ही असता तर मागून पदर धरून ठेवला असता.

मनोऱ्याच्या मागे एक चौक आहे, तिथे रोटीवाली बसते. आता नीट ऐका. चव सांगणार नाही, पण आवाज सांगते. हिची रोटी जाड असते, पोटात बटाटा आणि कांदा. ती हातावर थापते, पोळपाट नाहीच. थापताना पट पट असा कोरडा आवाज येतो आणि मग एकदम मऊ होतो, तेव्हा ती थांबते. तव्यावर टाकली की आधी काहीच नाही. मग कडेने तेल सोडलं की चर्रर्र. मग हळूहळू तो चर्रर्र बारीक होत जातो, आणि पार गप्प व्हायच्या बेताला ती उलटते. मला एकदम तुम्ही आठवलात. "तेल बडबडतंय तोवर आत पाणी आहे, गप्प झालं की काढ." हे तुम्ही मला लग्नानंतर शिकवलंत आणि मला ते कधीच जमलं नाही. मोडताना कडा कुरकुरीत आणि मधला भाग वाफेने बोटं पोळणारा. मी तिसरी घेतली तेव्हा रोटीवाली म्हणाली, "बाई, घरी सांगून आलाय ना?"

आता ते लिहिते, जे आपण दोघी टाळतो.

तापानंतर तुमच्या हातचं मीठ हलायला लागलं. एक दिवस खारट, दोन दिवस अळणी. तुम्ही मला विचारलं नाहीत आणि मी तुम्हांला सांगितलं नाही. भांडं चुलीपासून काउंटरपर्यंत येताना मी वाटेत चाखायची आणि पदराआडून चिमूट टाकायची. जास्त झालेलं असलं तर उकडलेला बटाटा सोडायची. गिऱ्हाईक खूष, तुम्ही खूष. मग त्या शनिवारी तुम्हांला वाटलं, डाळीत मीठ घालायचंच राहिलं, म्हणून तुम्ही पुन्हा घातलंत. आणि गर्दी होती म्हणून मी न चाखताच माझी नेहमीची चिमूट टाकली. ती डाळ नव्हती, समुद्र होता. पण आपलं गिऱ्हाईक इतकं सज्जन, की कुणी हूं की चूं केलं नाही. पेन्शनर काका तर म्हणाले, "आज पाणी गोड लागतंय." तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून टेबलांवरचे पाण्याचे जग एकामागून एक रिकामे होताना बघितलेत. मग माझ्या मुठीकडे बघितलंत. तुम्हांला सगळं कळलं, मागच्या कितीतरी महिन्यांचं.

तुम्ही ओरडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही गॅस बंद केलात आणि म्हणालात, "ज्याला चव नाही त्याने दुसऱ्याच्या पोटाशी खेळू नये. आणि ज्याला तोंड आहे त्याने चोरून मीठ घालू नये." लगेच शटर खाली.

मी तेव्हा काही बोलले नाही, आता बोलते. पंगत अळणी उठू द्यायला हवी होती का? तुम्हांला चारचौघांत सांगायला हवं होतं का, की जाऊबाई, आज बिघडलंय? माझी जीभ धजली नाही. तुमचीही नसती धजली. रागवा, पण यावर विचार करून रागवा.

धाकटी

शुक्रवार, २२ तारीख

जाऊबाई,

आज जे पाहिलं ते कधी एकदा तुम्हांला सांगते असं झालंय. दुपारचं जेवण सोडून लिहायला बसले आहे. मी जेवण सोडलं, हे वाक्य परत वाचा.

इथे तांबटांची गल्ली आहे. ती दिसायच्या आधी कानात शिरते. दोन्ही बाजूंना दुकानं आणि प्रत्येक दुकानात ठण ठण ठण. आमच्या लोकांनी कानांत बोटं घातली, छत्रीवाली हातवाऱ्यांनी बोलायला लागली. मी मात्र उभीच राहिले. सपाट पत्रा ठोकता ठोकता त्याचं पोट फुगत जातं, आणि मग त्या पोटावर बारीक बारीक ठोके, एकाला लागून एक. मठारणं म्हणतात त्याला. उन्हात धरलं की सगळं भांडं खवल्याखवल्यांचं चमकतं. मला तर सगळंच्या सगळं दुकान उचलून घरी आणावंसं वाटलं.

तर एक म्हातारा तांबट. त्याने हंडा पुरा केला, फडक्याने पुसला, आणि मला वाटलं आता हा तो मांडून ठेवणार. त्याने काय करावं? हंडा खांद्यावर घेतला, गल्ली ओलांडली आणि समोरच्या तांबटापुढे ठेवला. एक शब्द नाही. समोरच्याने आपलं काम थांबवलं, लाकडी हातोडी घेतली, कान हंड्याजवळ नेला आणि वाजवत वाजवत गोल फिरला. एका ठिकाणी थांबला. परत वाजवलं. तिथे कोळशाने एक रेघ मारली. म्हाताऱ्याने हंडा उचलला, परत आपल्या दुकानात, त्या रेघेवर पुन्हा ठोकाठोक. पुन्हा गल्ली ओलांडून पलीकडे. पुन्हा रेघ. शेवटी समोरच्याने हंडा उपडा घातला. उपडा घातला म्हणजे पास. आणि थोड्या वेळाने काय, तर समोरच्याची कळशी इकडे आली आणि म्हाताऱ्याने आपली हातोडी घेतली.

मी छत्रीवालीला म्हटलं, काय घट्ट मैत्री आहे दोघांची. ती हसायलाच लागली. म्हणाली, यांच्यात मोरीच्या पाण्यावरून भांडण आहे, त्यांची पोरं मोठी झाली, तरी हे एकमेकांशी बोलत नाहीत. पण भांडं रोज जातं येतं. या गल्लीची रीतच आहे, आपलं भांडं आपण वाजवायचं नाही. समोरच्याने वाजवून उपडं घातल्याशिवाय ते विकायला मांडायचं नाही.

मला राहवलं नाही. मी म्हाताऱ्याच्या जवळ जाऊन ओरडून विचारलं, तुम्हांला ऐकू येत नाही म्हणून का हो? छत्रीवालीने कपाळाला हात लावला. पण तो काही चिडला नाही. म्हणाला, "बहिरा तर मी आहेच. या गल्लीत चाळिशीनंतर सगळेच होतात. पण रीत त्याच्यासाठी नाही. माझा पुतण्या आहे, तरणाताठा, टाचणी पडली तरी ऐकतो. तोही आपलं भांडं समोर नेतो. दिवसभर ठोके मारले की ते कानात राहतात. मग आपलं भांडं आपल्याला खणखणीतच वाजतं."

मी म्हटलं, पण तुम्ही बहिरे आणि समोरचाही बहिरा, मग ऐकतं कोण? तो म्हणाला, "त्याचा डावा गेलाय, माझा उजवा. अजून भागतंय." आणि असा हसला, की मलाही हसू आवरेना.

मग मी विचारलं, समोरच्याने कधी तुमच्या नकळत, तुम्हांला वाईट वाटू नये म्हणून, स्वतःच दोन ठोके मारून भांडं नीट करून दिलं का? जाऊबाई, हा प्रश्न मी का विचारला ते तुम्हांला कळतंय. त्याचं हसू गेलं. त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "त्याने रेघ मारायची. माझ्या भांड्याला त्याची हातोडी लागली, तर मी धंदा बंद करीन."

मी तिथून निघाले. कळशी घ्यायची होती, तीही घेतली नाही. लॉजवर आले, हातपाय धुतले आणि तेव्हापासून हेच घोळतंय. तुमचं शटर मला आज कळलं. इतके दिवस मला वाटत होतं, तुम्ही जिभेवर रुसलात. तुम्ही माझ्या हातोडीवर रुसलात.

पण मग रेघ मारायची रीत आपल्याकडे का नाही? ती पाडता येणार नाही का? तुम्ही रांधायचं, मी सांगायचं, तोंडावर, सगळ्यांसमोर. घालायचं तुम्हीच. मी मिठाच्या डब्याला बोट लावणार नाही. मला हे इतकं सोपं वाटतंय, की कुणाला तरी मिठी मारावीशी वाटते, आणि इथे खोलीत नुसता पंखा आहे.

धाकटी

रविवार, २४ तारीख

जाऊबाई,

काल तुमच्या दिरांचा फोन. म्हणाले, "वहिनी विचारत होत्या, ती रोटीवाली पीठ कुठलं घेते, आणि गरम पाण्यात भिजवते की गार?" मी फोन बाजूला ठेवून कागद-पेन शोधायला लागले. हे घाबरले, हॅलो हॅलो करत बसले. जाऊबाई, तुम्ही पीठ विचारलंत. तर ऐका, पीठ जाडसर आहे, पाणी कढत, आणि भिजवून ती परात ओल्या फडक्याखाली उन्हात ठेवते. का, ते मला कळलं नाही. तुम्हांला कळेल.

पंचवीस वेळा लिहावंसं वाटलं, पण धीर झाला नाही. आता जीव मुठीत धरून मुद्द्याचं सांगते. आमची यात्रा आज सकाळी परत गेली. मी गेले नाही. छत्रीवालीने माझ्याकडून लिहून घेतलं, की ही बाई स्वखुशीने मागे राहिली आहे. स्वखुशीने हा शब्द मी ठळक काढला.

आणि मग मी माती खाल्ली. ती कशी ते सांगते, हसायला परवानगी आहे.

गेले दोन-तीन दिवस मी रोटीवालीकडे फुशारकी मारत होते, की आमची खानावळ आहे, आम्ही दोन पंगती उठवतो, वगैरे. आज दुपारी तिचा गॅस संपत आला. दुकान चार पावलांवर, ती म्हणाली, "तुम्ही खानावळवाल्या आहात, जरा बघा, मी सिलिंडर सांगून येते." मी पदर खोचला. मनात म्हटलं, बघाच आता. सारण चाखलं, मीठ एकदम बेताचं. माझी जीभ म्हणजे काटाच, त्यात प्रश्न नाही. मग गोळा घेतला. थापताना त्याचं पोट फुटलं आणि बटाटा माझ्या हातभर. दुसरा जाड राहिला. तिसरा तव्यावर गेला खरा, पण तेल चर्रर्र करत होतं आणि मला काही केल्या कळेना, हा बडबडीचा आवाज की गप्प होतानाचा. घाईत उलटला. वरून कोळसा, आतून कणीक. समोर रांग. एका आजोबांनी घास घेतला, डोळे मिटले, गिळला आणि म्हणाले, "मीठ छान आहे हो."

रोटीवाली आली. तवा बघितला. मग विचारलं, "खानावळीत तुम्ही नेमकं काय करता?"

मी खरं ते सांगितलं. मी काउंटरवर बसते, बाजार करते, लोकांशी गोड बोलते. रांधतात माझ्या जाऊबाई.

एवढं बोलले आणि मला रडू आलं. भर चौकात, हाताला कणीक लागलेली. मीठ मला कळतं, जाऊबाई. फक्त मीठ. ते रस्त्यावरच्या कुठल्याही जिभेला कळतं. गोळा कधी मऊ होतो, तेल कधी गप्प होतं, कांदा कधी काढायचा, भाताचं झाकण कधी उघडायचं, हे सगळं तुमच्या हातात आहे, कानात आहे, आणि त्याला कुठला ताप शिवलेला नाही. तुम्ही स्वतःला थोटी समजून बसलात. थोटी मी आहे, तुमच्याशिवाय.

तर या. महिना शनिवारी संपतो. बुधवारी दुपारची बस आहे, गुरुवारी सकाळी इथे पोचते, मी वेशीबाहेर उभी राहीन. तुमच्या दिरांना सांगितलंय, ते बसवून देतील. जागा सोडायचं ठरलंच असेल, तर तेही इथे येऊन, माझ्या तोंडावर सांगा. पत्राने किंवा दिरांच्या हाती निरोप पाठवून नको. एवढा हक्क मला आहे.

तुमची, वाट बघणारी

गुरुवार, २८ तारीख

जाऊबाई,

तुम्ही समोरच्या खाटेवर दुपारची झोप काढताय, तोंड भिंतीकडे, आणि तरी मी लिहिते आहे. वेड लागलंय म्हणा. पण मी तुम्हांला ओळखते. उठलात की म्हणाल, असं काही झालंच नाही, धाकटीला तिखटमीठ लावून सांगायची सवय आहे. म्हणून सकाळचं सगळं गरम गरम लिहून काढते आणि तुमच्या उशीखाली ठेवते.

तुम्ही बसमधून उतरलात तेव्हा मी धावत आले. तुम्ही पिशवी माझ्या हातात दिलीत आणि पहिलं वाक्य बोललात: "वाळलीस." मी वाळलेली नाही. दहा दिवसांत मी कमरेला घट्ट झाले आहे. पण मी वाद घातला नाही. दुसरं वाक्य बोललात, "घरमालकाला अजून कळवलेलं नाही. शनिवारी कळवणार आहे. भाऊजींचं डोकं उठलं होतं तुझ्या पत्रांनी, म्हणून आले."

तुम्हांला आधी लॉजवर न्यायचं होतं. तुम्ही म्हणालात, आधी तांबट. गल्लीत शिरलो तेव्हा तुम्ही कानांत बोटं घातली नाहीत. म्हाताऱ्याच्या दुकानासमोर उभ्या राहिलात, पदर खांद्यावर ओढून, लग्नाच्या पंगतीत दुसऱ्यांच्या आचाऱ्याकडे बघता तशा. आज एक पातेलं होतं. ते पलीकडे गेलं, रेघ घेऊन परत आलं, पलीकडे गेलं, परत आलं. मी तुमच्याकडे बघत होते, पातेल्याकडे नाही. ते उपडं पडलं तेव्हा तुम्ही श्वास सोडलात. विचारलंत फक्त एवढंच, "समोरचा रोज याची खोट काढतो?" मी म्हटलं, रोज. "आणि हा त्याच्याकडे रोज नेतो." हे तुम्ही स्वतःशीच म्हणालात.

रोटीवालीकडे गेलो तर तिने तुम्हांला लगेच ओळखलं. म्हणाली, "या खऱ्या." मला टोमणा होता तो, मी गिळला. रांग होती, तिचं सारण संपत आलेलं. तिने उकडलेले बटाटे पुढ्यात घेतले होते. तुम्ही थोडा वेळ बघितलंत, मग काही न विचारता चपला काढल्यात, आत गेलात आणि परात आपल्याकडे ओढलीत. रोटीवाली सरकली. मी नवल करत बसले, कारण ती मला तव्याजवळसुद्धा फिरकू देत नाही.

बटाटे कुस्करताना तुम्ही दोनदा मिठाच्या डब्याकडे बघितलंत आणि नजर काढून घेतलीत. हे तुम्ही नाकाराल, म्हणून मुद्दाम लिहिते. कांदा घातलात, मिरची घातलीत, मीठ घातलंत. मग हात थांबला. तुम्ही सारणाचा छोटा गोळा केलात, तो बोटांत तसाच धरून बसलात. रांगेतल्या कुणीतरी घसा खाकरला. मला वाटलं, आता तुम्ही परात बाजूला ठेवणार, चपला घालणार, आणि शनिवारी आपली खानावळ जाणार. मी मनातल्या मनात देवाचं नावही घेऊ शकले नाही, इतकी घाबरले.

तुम्ही मान वर केलीत. गोळा माझ्यापुढे धरलात. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "धाकटे, मीठ सांग."

मी चाखलं. कमी होतं. सगळी रांग माझ्या तोंडाकडे बघत होती आणि माझ्या जिभेवर आधी आलं ते "छान आहे." इतक्या महिन्यांची सवय. मी ते दातांत धरलं.

"कमी आहे," मी म्हटलं.

तुमच्या चेहऱ्यावर काही हललं आणि थांबलं. "किती?"

"चिमूटभर."

"चिमूट तुझी की माझी? आत्ताच काय ते ठरव. खानावळीत रोज हा घोळ नको."

"तुमची," मी म्हटलं, आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी राहिले. तुम्ही डब्यात हात घातलात.

धाकटी